पाण्यावर तरंगणारा ल्यूर: ठाणे-नवी मुंबईत कधी बांधायचा, कधी डब्यातच ठेवायचा

संकष्टीच्या पहाटे साडेचारला दारात बूट चढवत होतो. आतून आईचा आवाज आला, "आज? संकष्टीला मासे मारायला?"

"मारणार नाही गं, सोडणार आहे."

"मग जातोस कशाला?"

थांबून उत्तर द्यायला वेळ नव्हता. तीनच्या सुमारास भरती होऊन गेली होती आणि खाडीचं पाणी उतरायला लागलं होतं. संकष्टीच का, आणि पाणी उतरतानाच का, हे कळायला मला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ बघून नेरूळ-बेलापूरच्या पाण्यात पॉपर (ओढला की 'पॉप्' वाजणारा ल्यूर, म्हणजे बनावट आमिष) आपटत होतो आणि रिकाम्या हाताने घरी येत होतो. ल्यूर चुकीचे नव्हते. ते कधी बांधायचे याचं वेळापत्रक मात्र दुसऱ्याच्या गावचं होतं.

बासचं वेळापत्रक कशावर चालतं

टॉपवॉटर म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरच चालणारा ल्यूर. तो बुडत नाही. खडबडतो, पचपचतो, नागमोडी चालतो, आणि मासा खालून येऊन त्याच्यावर तुटून पडतो. या प्रकाराची बहुतेक विद्या लार्जमाउथ बास या उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या माशावरून तयार झाली. तिथे बऱ्याच भागांत हिवाळ्यात तळी गोठतात किंवा गोठायला येतात. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे गार पाण्यात त्याची हालचाल मंदावते. तो खोलात बसून राहतो आणि वरचं खाणं पकडायला शक्ती खर्च करत नाही. म्हणून तिथला पहिला नियम थर्मामीटरचा. पाणी साधारण १५-१६ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की टॉपवॉटर काढायचा आणि १८ ते २५ च्या पट्ट्यात मनसोक्त वापरायचा. कडक उन्हाळ्यात पहाट, संध्याकाळ आणि रात्र धरायची. शरदात बास लहान माशांच्या थव्यांमागे लागतो, तेव्हा पुन्हा दिवसभर टाकायचा.

आता आपल्याकडे बघा. ठाण्याच्या खाडीचं पाणी १५ अंशांवर कधी येतं? थंडीतही ते त्याच्या बरंच वर असतं. म्हणजे अमेरिकन हिशोबाने आपल्याकडे बारा महिने टॉपवॉटरचा हंगाम, आणि प्रत्यक्षात बारा महिन्यांतले बरेच दिवस भकास. कारण इथे मासा वर येईल की नाही हे मुख्यतः तापमान ठरवत नाही. खाडीत ते भरती-ओहोटी ठरवते, तळ्यात पाण्याची पातळी आणि शेवाळ-वेली ठरवतात. उजेडाचा नियम तेवढा दोन्हीकडे सारखा.

अजून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. टॉपवॉटर हा सगळ्यात जास्त मासे देणारा प्रकार नाही. बासचा जागतिक विक्रम १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरीने केला, २२ पौंड ४ औंसांचा. त्याची बरोबरी २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने केली, तीही जिवंत आमिष लावून. घरी कालवण न्यायचं असेल तर कोळंबी लावून तळाला गरी सोडा, जास्त मिळेल. टॉपवॉटर त्या एका झडपेसाठी असतो.

आधी ठरवा: मासा कुठला

आपल्या भागात बास नाही. त्याच्या जागी तीन गडी आहेत.

पहिला जिताडा. रायगड-ठाण्यात या माशाचा मान वेगळा सांगायला नको. खारेपाटात शेततळ्यात जिताडे वाढवायचे आणि कुणाचं काम अडलं की एक मोठा जिताडा पिशवीत घालून साहेबाच्या घरी पोचवायचा, हे विनोद म्हणूनही सांगतात आणि अनुभव म्हणूनही. टॉपवॉटरसाठी हा अगदी योग्य मासा. खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वरच्या दिशेला उघडणारं, अंधुक उजेडात उत्तम दिसणारे डोळे. रात्री बॅटरी मारली तर ते निखाऱ्यासारखे चमकतात. हा पकडतो म्हणजे चावत नाही. तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो. म्हणून आवाज 'छपाक्' येत नाही, 'धप्प' येतो. पोकळ, जड. एकदा ऐकला की विसरत नाही.

दुसरी तांबोशी. तिवरांच्या मुळांत, पुलाच्या खांबांना, दगडी बांधाला चिकटून राहणारी. आकाराने लहान पण दांडगी, आणि ल्यूर घेतला की सरळ मुळांत घुसते.

तिसरी गोड्या पाण्यातली मरळ. बास मासेमारीतला पोकळ रबरी बेडूक, म्हणजे फ्रॉग ल्यूर, आपल्याकडे खरा शोभतो तो मरळीलाच. मरळ हवेतूनही श्वास घेते. तिला दर थोड्या वेळाने वर यावंच लागतं, त्यामुळे ती कुठे आहे हे ती स्वतःच सांगते.

खाडीत जायचं की तळ्यावर, हे मासा ठरला की ठरतं. आणि मग तारीख बघायची.

तारीख: तिथीची पाऊणपट

मला हे शिकवलं एका आगरी काकांनी. ते उघाडीपाशी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन उभे असायचे. उघाडी म्हणजे खाजणाच्या, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार. मी घड्याळ बघून सहाला पोचायचो, तासभर पॉपर मारायचो. काका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घड्याळ कसला बघतोस? पानी कुठं चाललाय ते बघ आधी."

मग त्यांनी हिशोब सांगितला, जो किनाऱ्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याला पाठ असतो. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात बाराच्या आसपास होते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि ठाण्याच्या खाडीत जितकं आत जाल तितकी भरती मुंबईच्या वेळेपेक्षा थोडी उशिरा लागते. नेमकी वेळ मोबाइलवर बघाच. पण आठवडाभर आधी कुठला दिवस धरायचा हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आता यातली मेख. मुंबई-ठाण्यात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला नेहमी ओहोटी संपत आलेली असते. पहाटेचा सुंदर उजेड आणि समोर चिखल. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, उलटं होतं. सहाला पाणी काठोकाठ भरलेलं, पण हलत नाही. आपल्याला हवी पहाट किंवा तिन्हीसांज, आणि त्याच वेळी उतरतं पाणी. हे जुळतं कधी? चतुर्थी, पंचमी, षष्ठीला. दोन्ही पक्षांतल्या.

चतुर्थीला भरती तीनला. ओहोटीचं पाणी सहा तास उतरतं, पण सारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्या-चौथ्यात सगळ्यात जास्त, मग पुन्हा कमी. तीनला भरती असेल तर तिसरा-चौथा तास पाच ते सातचा. म्हणजे ऐन फटफटायच्या वेळी ओढ सगळ्यात जोरात. तिवरांत शिरलेले बोईट मासे आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर ओढले जातात, आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी उभा राहून वाट बघतो. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. म्हणून संकष्टी.

षष्ठीला भरती साडेचारला. सहाला अजून तिवरांच्या मुळांत हात-दीड हात पाणी असतं. मुळांच्या कडेने ल्यूर चालवायला, विशेषतः तांबोशीसाठी, मला षष्ठी जास्त आवडते. दशमी-एकादशीला पहाटे चढतं पाणी मिळतं. हा दुसऱ्या पसंतीचा दिवस. मासा काठाकडे सरकत असतो, पण एका जागी थांबत नाही, त्यामुळे तुम्हालाच फिरावं लागतं. अष्टमीला खाडीचा नाद सोडा आणि तळ्यावर मरळीला जा. पौर्णिमा-अमावास्येला झोपा.

उजेड

सूर्योदयाआधी पाऊण तास आणि नंतर तासभर. संध्याकाळी याच्या उलट. एवढंच खरं तर पुरेसं आहे, कारण लखलखीत उन्हात मासा वर बघतो तेव्हा त्याला तुमची दोरी, हुक, सावली सगळं दिसतं. अंधुक उजेडात ल्यूरची फक्त काळी आकृती दिसते. म्हणूनच पहाटे काळा किंवा गडद ल्यूर चांगला चालतो, ऐकायला उलटं वाटलं तरी.

ही वेळ ढगाळ हवेत लांबते. आभाळ भरलेलं असेल, बारीक रिमझिम असेल तर नऊ-दहापर्यंतसुद्धा टाकत राहा. हलक्या वाऱ्याने पाण्यावर सुरकुत्या पडल्या तर उत्तम. वाऱ्याने लाटा फुटायला लागल्या की पॉपरचा आवाज त्यात हरवतो, मग डब्यात ठेवा. रात्री पुलाच्या किंवा जेट्टीच्या दिव्याखाली उजेड-सावलीची जी सरळ रेघ पडते, तिच्या सावलीच्या बाजूला जिताडा उभा असतो. ल्यूर उजेडातून सावलीत आणायचा, सावलीतून उजेडात नाही. हे मी बरेच दिवस उलटं करत होतो.

मरळीला मात्र भर दुपारही चालते. एप्रिल-मेच्या उन्हात पाण्यातला प्राणवायू कमी होतो, ती वारंवार वर येते आणि कमळाच्या पानांच्या, जलपर्णीच्या सावलीत पडून राहते. तिथे फ्रॉग. अमेरिकेतही बासला भर उन्हाळ्यात दुपारी वेलींच्या गालिच्यावर फ्रॉगच टाकतात. कारण तेच, डोक्यावर छप्पर असलं की मासा वर यायला घाबरत नाही.

काठावर पोचल्यावर दहा मिनिटं काही टाकू नका

ही पायरी सगळेच गाळतात, आणि मला वाटतं इथेच निम्मी मासेमारी होते. पोचल्यावर रॉड जमिनीवर ठेवा आणि बघा.

बोईट पाण्याबाहेर उड्या मारतायत का? नुसती एखादी उडी म्हणजे काही नाही, बोईट उगाचही उडतो. पण पाच-सात एकदम एकाच दिशेने फवाऱ्यासारखे उडाले तर खाली कुणीतरी आहे. कोळंबी पृष्ठभागावर टिचक्या मारत पळतेय का? निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, चिखलावर निवांत आहेत की एकदम बिळात गेल्या? (त्या बहुतेक वेळा तुम्हाला बघून जातात, तेव्हा फार अर्थ काढू नका.) पाणी कुठे गढूळ आहे आणि कुठे जरा नितळ? दोन्हीची जिथे शिवण दिसते, फेसाची रेघ दिसते, ती जागा लक्षात ठेवा. पाणी कुठल्या बाजूला वाहतंय, आणि बांधाचा कोपरा, खांब, पाइप, ओहोळ अशा कुठल्या गोष्टीमुळे त्याला भोवरा पडतोय? जिताडा भोवऱ्याच्या शांत बाजूला उभा राहतो, तोंड प्रवाहाकडे करून.

नवी मुंबईच्या रचनेतली एक गोष्ट इथे कामाची. सिडकोने शहर वसवताना भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव बांधले. भरतीला त्यांची झडपदारं बंद होतात, ओहोटीला उघडतात आणि साठलेलं पाणी खाडीत पडतं. जिथे पाणी अशा अरुंद तोंडातून बाहेर पडतं तिथे खाणं एका धारेत येतं. गावाच्या जुन्या उघाडीचंही तेच तत्त्व. अशा तोंडापासून थोडं बाजूला, प्रवाहाच्या कडेला टाकायचं. थेट तोंडात नाही.

हातभर खोलीपेक्षा कमी दिसेल इतकं पाणी गढूळ असेल, काही उडत नसेल, पाणी थांबलेलं असेल, तर टॉपवॉटर बांधू नका. तळाला जाणारं काहीतरी लावा. हट्टाने पॉपर मारत राहणाऱ्याला मासा मिळत नाही, खांदेदुखी मिळते.

आता बांधायचा तो कुठला

पाणी नितळ, वारा नाही, मासा बुजलेला: पेन्सिल, म्हणजे सिगारच्या आकाराचा, तोंडाला खड्डा नसलेला ल्यूर. रॉडचं टोक खाली पाण्याकडे ठेवा, दोरीत किंचित ढील ठेवा आणि मनगटाने बारीक झटके द्या. झटका, ढील, झटका, ढील. ल्यूर डावीकडे-उजवीकडे मान टाकत चालतो. ढील नाही दिली तर तो सरळ ओढला जातो, आणि नव्वद टक्के लोकांची चूक हीच असते. घराजवळच्या स्वच्छ पाण्यात तासभर नुसता सराव करा, मासा असो-नसो.

हलक्या सुरकुत्या, किंवा पाणी थोडं गढूळ: पॉपर. वीत-दीड वीत ओढा, 'पॉप्' आवाज आला की थांबा. किती थांबायचं? पाण्यावरचं शेवटचं वलय विरेपर्यंत. झडप बहुतेकदा याच थांब्यात येते. पहिल्यांदा हे थांबणं असह्य होतं.

मासा कुठे आहे माहीत नाही आणि जागा मोठी आहे: मागे पंखा फिरणारा ल्यूर किंवा बझबेट (पात्याने पाणी खळबळवणारा ल्यूर), एकसारखा गुंडाळत. हा शोधायला चांगला. एक झडप आली की जागा कळली, मग तिथेच पॉपर.

वेली, शेवाळ, कमळपानं: फक्त फ्रॉग, कारण त्याचे हुक वर अंगाला चिकटलेले असतात आणि अडकत नाहीत. मरळ जिथे श्वास घ्यायला वर आली, तिथे वलय दिसेल. अगदी त्या वलयात टाकू नका, ती दचकते. दोन हात पलीकडे टाकून त्या जागेवरून सावकाश ओढत आणा. पानाच्या कडेवर क्षणभर थांबवा आणि मग पाण्यात पाडा.

रंगावर मी फार डोकं घालवत नाही. गडद एक, बोईटासारखा रुपेरी एक. लांबी मात्र महत्त्वाची. समोर जेवढे बोईट उडतायत साधारण तेवढा ल्यूर, खाडीत बहुतेकदा ९ ते १२ सेंटीमीटर.

झडप आल्यावर

त्या संकष्टीला काय झालं ते सांगतो. सव्वासहा. ओहोळाच्या तोंडाशी फेसाची रेघ, तिच्या पलीकडे पॉपर पडला. एक पॉप्. थांबलो. दुसरा पॉप्. वलय विरलं. रॉड हलवणार इतक्यात पॉपरच्या खाली पाणी आधी खोलगट झालं, बशीसारखं, आणि मग धप्प. मी जिवाच्या आकांताने रॉड मागे ओढला. पॉपर पाण्यातून सुटून माझ्या कानाजवळून मागे तिवरांत गेला. दोन्ही तिठी (तीन टोकांचे) हुक शाबूत. माशाने ल्यूर तोंडात घेण्याआधीच मी तो काढून घेतला होता.

टॉपवॉटरमधला हा सगळ्यात मोठा दोष, आणि बासवाल्यांनाही तो तितकाच छळतो. डोळ्यांनी झटका द्यायचा नाही, हातांनी द्यायचा. आवाज आला, पाणी उडालं, तरी काही करू नका. जशी लय चालू होती तशीच चालू ठेवा. दोरीवर वजन जाणवलं की मगच रॉड बाजूला, जमिनीला समांतर, ठामपणे ओढा. वर उचललात तर हुक सुटण्याची शक्यता वाढते. आणि मासा चुकला तरी ल्यूर तिथेच राहू द्या. जिताडा पुष्कळदा परत येतो. मी घाबरून ओढला नसता तर तोही आला असता.

फ्रॉगला याहून जास्त धीर लागतो. मरळीने फ्रॉग गिळला की 'एक, दोन' म्हणा, दोरी ताणा, आणि मग दोन्ही हातांनी जोरात वरच्या दिशेने. तिचं तोंड हाडाचं, हळुवार झटक्याने हुक रुतत नाही.

लागल्यावर जिताडा हवेत उडी मारून डोकं हलवतो. त्या क्षणी रॉडचं टोक खाली करा, दोरी मात्र सैल सोडू नका. तांबोशीला पहिल्या पाच सेकंदांत मुळांपासून दूर खेचा, नंतरचं नंतर.

तीन-चार झडपा आल्या आणि एकही लागली नाही, तर मासा अर्धवट मनाने येतोय. आधी थांबा वाढवा, मग ल्यूर लहान करा, मग मित्राला सांगा की झडप आली रे आली की त्याच जागी रबरी मासा टाक. वीस चांगल्या फेकांनंतर काहीच नसेल तर जागा बदला.

महिने, थोडक्यात

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वोत्तम. पावसाचा गाळ बसलेला, पाणी अजून कोमट, बोईट भरपूर. डिसेंबर-जानेवारीत जिताडा सुस्तावतो. पहाटेऐवजी संध्याकाळ धरा, पाणी दिवसभर तापलेलं असतं. मार्च ते मे पुन्हा चांगले, पण पहाटे फार लवकर. जून-जुलैत खाडीत गोड्या पाण्याचा लोंढा आणि विजा. १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक बोटींच्या मासेमारीची बंदी काठावरून गळ टाकणाऱ्यासाठी नाही, पण त्यामागचं कारण माशांच्या विणीचं आहे. जिताडाही पावसाळ्यात खाडीमुखाशी अंडी घालतो. मी ते दोन महिने रीलची साफसफाई करतो. पावसात तळ्यावर तांबूस पिल्लांचा गोळा पाण्यावर फिरताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते आणि फ्रॉगवर हमखास तुटून पडते. तिथे फ्रॉग टाकू नका. आई-बाप गेले की तासाभरात पिल्लं दुसऱ्याच्या पोटात.

साहित्य

सात फुटी मध्यम-जड रॉड, ३००० ते ४००० आकाराचा रील, ३०-४० पौंडी ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी). पुढे दोन-अडीच फूट ४०-५० पौंडी मोनोफिलामेंटची (एकेरी नायलॉन दोरीची) लीडर, म्हणजे ल्यूरच्या आधीचा जाड तुकडा. फ्लुरोकार्बनची दोरी इथे नको, ती बुडते आणि ल्यूरचं नाक खाली ओढते. जिताड्याचे ओठ कानशीसारखे खरबरीत असतात, लीडर न लावता गेलात तर दोरी घासून तुटेल. ल्यूरला गाठ घट्ट आवळू नका, सैल फासाची घाला किंवा छोटा स्नॅप (उघडझाप होणारी कडी) लावा, म्हणजे तो मोकळा हलतो. मरळीच्या फ्रॉगला ५० पौंडांच्या वरची ब्रेडेड लाइन थेट बांधा.

ल्यूरबरोबर येणारे हुक काढून टाका. माझ्या एका स्वस्तातल्या पॉपरचा मागचा तिठी हुक जिताड्याने केसांच्या पिनेसारखा सरळ केला होता. जाड तारेचे हुक घ्या आणि त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाका. मासा सोडायला सोपं, आणि बोटात घुसला तर तुम्हाला सोडवायलाही.

उभं कुठे राहायचं

ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे गळ घेऊन जाऊ नका. तिवरं सगळीकडेच संरक्षित आहेत, जागा करण्यासाठी फांदीही तोडायची नाही. येऊरच्या बाजूचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथेही नाही. ठाण्याच्या तलावांवर मासेमारीचा ठेका असू शकतो, आणि मोरबेसारखी धरणं पिण्याच्या पाण्याची. दोन्हीकडे आधी परवानगी. गायमुख, कोलशेत, दिवाळे, करंजा अशा ठिकाणच्या जेट्ट्यांवर तिथल्या कोळी-आगरी मंडळींना विचारून उभं राहा. जाळी लावलेली असतात, बोटी लागत असतात. "दादा, इथं उभा राहू का?" एवढ्या प्रश्नावर मला आजवर जागाही मिळाली आहे आणि चहाही.

चिखलात उतरू नका. कंबरेपर्यंत रुतलेला माणूस मी पाहिला आहे, त्याला दोन बांबूंनी काढला आणि तेव्हा पाणी चढत होतं. विजा दिसल्या की रॉड खाली ठेवून निघा, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. विजेच्या तारांखाली फेकू नका. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, तिथे बोटं घालू नका, खालचा जबडा पकडीने धरा.

आणि सोडायचं का? खाडीच्या काठाला औद्योगिक पट्टा आहे, आतल्या भागातला मासा मी तरी खात नाही. दुसरं म्हणजे जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खूप मोठे जिताडे बहुतेक माद्याच असतात. मोठा जिताडा उभा लटकवून फोटो काढू नका, एक हात पोटाखाली द्या. पाण्यात त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून ठेवा. शेपटीने जोर लावून तो स्वतः हात सोडवून घेईल.

घरी आल्यावर ल्यूर, रील, पकड सगळं नळाच्या गोड्या पाण्याने धुवा आणि उघड्यावर वाळवा. डबा बंद करून ठेवलात तर पुढच्या संकष्टीला आत हुक नसतील, तांबडा गंज असेल.